साभार परत

परभणी जिल्ह्यात कवितेला श्रोता मिळवायला फारसे कष्ट पडत नाहीत. गणपती, शिवजयंती, भीमजयंती, शाळेचं स्नेहसंमेलन, कुणाच्या आईचं वर्षश्राद्ध, कुणाचा सेवापूर्तीचा सत्कार, कशालाही जोडून कविसंमेलन होतं आणि त्याला माणसं येतात. आखाड्यावरून परतलेली, अजून हातपाय न धुतलेली माणसंही मागं उभी राहून ऐकतात. आवडलं तर मनापासून टाळी देतात, नाही आवडलं तर तंबाखू मळत बाजूला होतात. पुण्या-मुंबईच्या कवीला हेवा वाटावा असा हा श्रोता आहे. अडचण त्याच्या पुढं सुरू होते. ऐकणारे शंभर मिळाले तरी हातात पेन्सिल घेऊन कविता वाचायला बसणारा एक मिळत नाही. या पुस्तकातल्या बहुतेक कवींची कहाणी या दोघांच्या मधल्या जागेत घडलेली आहे.

पुस्तक म्हणाल तर जिल्ह्यातल्या नवोदितांच्या कवितांचा प्रातिनिधिक संग्रह. असे संग्रह निघत असतात आणि त्यांची गत काय होते हेही आपल्याला माहीत आहे. इथं मात्र संपादकांनी एक वेगळी अट घातली. प्रत्येक कवीनं कवितांसोबत पान-दीड पानाचं टिपण द्यायचं. कविता कशी सुचली हे त्यात लिहायचं नाही. पहिल्यांदा कुणाला ऐकवली, कुठं पाठवली, कुठून परत आली, छापून यायला काय पडलं आणि छापून आल्यावर घरचे काय म्हणाले, एवढंच लिहायचं. स्फूर्ती, प्रतिभा, प्रसववेदना वगैरे मंडळींना दारातच अडवल्यामुळं ही टिपणं वाचनीय झाली आहेत. मला ती कवितांइतकीच मोलाची वाटली; काही ठिकाणी, खरं सांगायचं तर, कवितांपेक्षा जास्त.

परंपरेचं सांगायचं तर आपल्याला गंगाखेडपासून निघावं लागतं. तिथं जन्मलेली आणि पंढरपूरला दामाशेटींच्या घरी दासी म्हणून वाढलेली जनाबाई ही या गोदाकाठची पहिली मोठी कवयित्री. संतांचे अभंग कुणी कुणी लिहून घेतले याची यादी देणारा एक अभंग तिच्या नावावर सांगितला जातो. त्यात सावता माळ्याचे अभंग काशिबा गुरवानं लिहिले, चोखोबांचे अनंतभटानं, आणि जनीचे खुद्द पांडुरंगानं. भाविकांनी यात चमत्कार पाहिला, तो त्यांनी पाहावा. मला त्यात एक व्यवहारही दिसतो. दळण-कांडण करणाऱ्या दासीला लेखनिक कोण मिळवून देणार? कुणीच बसायला तयार नाही म्हटल्यावर देवालाच बसावं लागलं. जात्यावर ओवी म्हणायला कुणाची परवानगी लागत नाही, ती कागदावर यायला मात्र दुसऱ्या कुणाचा तरी हात लागतो. आपल्या जिल्ह्यातल्या नव्या कवीला आज लिहिता येतं, टाइप करता येतं, छापताही येतं. तरी तो दुसरा हात त्याला हवाच आहे, फक्त त्याचं काम आता वेगळं आहे.

हा दुसरा हात किती दूर असू शकतो हे बी. रघुनाथांच्या आयुष्यावरून कळतं. भगवान रघुनाथ कुलकर्णी, जन्म 15 ऑगस्ट 1913, गाव सातोना. शाळा हैदराबादला. घरच्या ओढगस्तीमुळं पुढचं शिक्षण राहिलं आणि निजाम सरकारच्या बांधकाम खात्यात कारकुनी पत्करावी लागली. नोकरीचा बराच काळ परभणीत गेला. राज्यकारभाराची भाषा उर्दू, उस्मानिया विद्यापीठातलं शिक्षणही उर्दूतून. सभा-संमेलन भरवायचं तर सरकारी परवानगी लागायची. मराठीतली वजनदार मासिकं आणि प्रकाशक पुण्या-मुंबईला, म्हणजे नुसते लांब नव्हेत, दुसऱ्या राजवटीत. संस्थानाचं टपाल वेगळं, नाणंसुद्धा वेगळं. परभणीतल्या कारकुनानं मुंबईच्या संपादकाला कविता पाठवायची म्हणजे जवळजवळ परदेशी पत्रव्यवहार होता.

अशा ठिकाणी बसून या माणसानं 1941 मध्ये, अठ्ठाविसाव्या वर्षी, ‘आलाप आणि विलाप’ हा कवितासंग्रह काढला. पुढच्या बारा वर्षांत कथासंग्रह आणि कादंबऱ्या मिळून एवढं लिहिलं की त्यांचा गद्यलेखकच लोकांच्या लक्षात राहिला आणि कवी थोडा मागं पडला. 7 सप्टेंबर 1953 ला ते गेले. चाळिशी पूर्ण होऊन महिनाही झाला नव्हता. दुसरा कवितासंग्रह ‘पुन्हा नभाच्या लाल कडा’ 1955 मध्ये आला, म्हणजे तो त्यांनी पाहिला नाही. आज परभणीत त्यांच्या नावाचं सभागृह आहे, सप्टेंबरात त्यांच्या स्मरणार्थ कार्यक्रम होतात, त्यांच्या नावाचा पुरस्कार मराठीतल्या नामवंतांना मिळतो. या संग्रहातल्या अनेकांनी आयुष्यातली पहिली कविता त्याच सभागृहात म्हटली आहे. त्यांतल्या किती जणांनी ‘आलाप आणि विलाप’ उघडून पाहिला आहे, हे मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं असं आता वाटतं, पण प्रस्तावना लिहिणाऱ्यानं परीक्षा घेऊ नये.

इथं नकाशाबद्दल एक गोष्ट सांगून टाकतो. सातोना आज परभणी जिल्ह्यात नाही. 1981 मध्ये जालना जिल्हा झाला तेव्हा परतूर तालुका तिकडं गेला. कवी इंद्रजित भालेरावांचं गाव रिधोरा वसमत तालुक्यातलं, तेही 1999 पासून हिंगोलीत. कवितेची परभणी ही महसूल खात्याच्या परभणीपेक्षा मोठी आहे आणि संपादकांनी नऊ तालुक्यांचीच हद्द धरली हे मला पटलेलं नाही. पण कुठंतरी थांबावं लागतं, हा त्यांचा मुद्दाही बरोबर आहे.

मधल्या पिढीकडं त्या दुसऱ्या हाताची एक व्यवस्था होती. तिचं नाव मासिक. मुंबईहून ‘सत्यकथा’ निघायची, ती 1982 मध्ये बंद पडली. ‘अस्मितादर्श’ गंगाधर पानतावण्यांनी औरंगाबादेहून चालवलं आणि मराठवाड्यातल्या दलित लेखकांच्या एका पिढीला पहिल्यांदा छापील अक्षरांत उभं केलं. मराठवाडा साहित्य परिषदेचं ‘प्रतिष्ठान’ घरचंच. 1985 मध्ये पुरुषोत्तम पाटलांनी धुळ्याहून ‘कवितारती’ सुरू केलं, फक्त कवितेला वाहिलेलं. दिवाळी अंक वेगळे. या सगळ्यांना कविता पाठवायची पद्धत एकच. फुलस्केप कागद, एका बाजूला सुवाच्य अक्षर, सोबत स्वतःचा पत्ता घातलेलं, तिकीट लावलेलं पाकीट. ते पाकीट परत आलं की दारात उभ्या असलेल्या पोस्टमनच्या हातातच कळायचं. जाड असलं की कविता परत, पातळ असलं की स्वीकाराची चिठ्ठी. आत छापील ओळ असायची, साभार परत. कधीमधी तिच्याखाली संपादकानं शाईनं लिहिलेली एखादी ओळ असायची, शेवटचं कडवं नको, किंवा ही प्रतिमा दुसऱ्या कुणाची तरी वाटते. त्या एका ओळीवर माणसं सहा-सहा महिने काढायची.

मी त्या काळाचे गोडवे गात नाही. त्या व्यवस्थेत बोरी-चारठाण्याच्या पोराची कविता वाचणाऱ्याला पऱ्हाटी आणि तुराटीतला फरक माहीत असेलच असं नव्हतं, आणि ‘ग्रामीण’ असा शिक्का मारून चांगली कविता बाजूला ठेवणारेही होते. लघुनियतकालिकवाल्यांनी ‘सत्यकथे’चा अंक जाळला तो काही हौस म्हणून नव्हे. पण एक गोष्ट त्या व्यवस्थेनं केली. कवितेला कुणीतरी नाही म्हणत होतं. आज टिपणं वाचताना जाणवतं की यांतल्या अर्ध्याअधिक कवींना आयुष्यात कुणी कधी नाही म्हटलेलंच नाही. कविता परत यायची सोयच राहिलेली नाही. म्हटली की टाळी आहे, पैसे भरले की पुस्तक आहे, पुस्तक झालं की सत्कार आहे. एका कवीनं टिपणात लिहिलं आहे की त्याच्याकडं सन्मानचिन्हं ठेवायला जागा नाही आणि त्याच्या कवितेवर दोन ओळींचं बरं-वाईट मत त्याला अजून कुणी दिलेलं नाही. हे वाक्य मी दोनदा वाचलं.

मंचाची गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी, कारण आपल्याकडं कवी घडतो तो तिथंच. संध्याकाळी सातचं कविसंमेलन नऊला सुरू होतं. दीपप्रज्वलन, सत्कार, सत्काराला उत्तर, उद्घाटकांचं भाषण. निवेदक प्रत्येक कवीच्या आधी स्वतःच्या चारोळ्या म्हणतो. नवोदितांची पाळी एकतर अगदी आधी, माईक ‘हॅलो हॅलो’ करत असतानाच. नाहीतर अगदी शेवटी, सतरंज्या गुंडाळायला सुरुवात झाल्यावर. ‘वेळेअभावी एकच कविता’ ही सूचना नव्यांनाच असते. मानधनाचा प्रश्न येत नाही. शाल, श्रीफळ, प्रमाणपत्र आणि जेवण. परतीचं पेट्रोल स्वतःचं. तरीही पोरं मोटारसायकलवर डबलसीट बसून पालमहून जिंतूरला जातात, कारण तिथं एकदा तरी पूर्ण हॉल आपल्या ओळीवर थांबतो. ती गोष्ट ज्यानं अनुभवली नाही त्यानं मंचीय कवितेला नावं ठेवू नयेत.

पण मंच शिकवतो तसा बिघडवतोही. एका मुलाची कविता माझ्याकडं आली होती. बाप मानवतच्या जिनिंगवर कापसाची गाडी घेऊन गेलाय. खरेदीदार गाडीत कोपरापर्यंत हात खुपसतो, तळातला मूठभर कापूस उपसतो, दाबतो, ‘ओल हाय’ म्हणतो आणि भाव उतरवतो. बाप काही बोलत नाही. धोतराच्या सोग्याला हात पुसतो, जसा काही त्याचाच हात ओला होता. कविता इथं संपली होती. पण कागदावर पुढं आणखी आठ ओळी होत्या. त्यांत जगाचा पोशिंदा होता, निर्दय व्यवस्था होती, फास होता आणि दिल्लीला एक प्रश्न होता. मी त्या आठ ओळींवर आडवी रेघ ओढली. तो थोडा वेळ कागदाकडं बघत राहिला आणि म्हणाला, “सर, टाळ्या तर तिथंच पडतात.”

तो खोटं बोलत नव्हता. टाळ्या तिथंच पडतात. या पुस्तकात ती कविता त्या आठ ओळींशिवाय आहे. मंचावर तो अजून सगळी म्हणतो. यावर आमचं एकमत झालेलं नाही आणि व्हायलाच पाहिजे असंही नाही. मुशायऱ्याला बसणाऱ्यांना हा तिढा जुना आहे. परभणीत मुशायऱ्यांचा शौक पिढ्यान्‌पिढ्यांचा. पण तिथल्या जाणत्या श्रोत्याची एक शिस्त असते. शेर चढला तर ‘मुकर्रर’, पडला तर शांतता, आणि ती शांतता शायराला बरोबर कळते. मराठी कविसंमेलनात आपण शिष्टाचार म्हणून सगळ्यांनाच टाळी देतो. त्यामुळं कुणालाच काही कळत नाही.

दुसरी गोष्ट अनुकरणाची. 1989 मध्ये इंद्रजित भालेरावांचा ‘पीकपाणी’ आला, मग 1992 ला ‘आम्ही काबाडाचे धनी’. शेतकरी कुटुंबातला, परभणीतच महाविद्यालयात मराठी शिकवणारा कवी स्वतःच्या गावच्या बोलीत, लोकगीताच्या लयीत लिहितो आणि ती कविता पाठ्यपुस्तकापर्यंत, आंदोलनाच्या मांडवापर्यंत जाते, हे या भागानं पहिल्यांदा पाहिलं. 1995 मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन परभणीत भरलं. अध्यक्ष नारायण सुर्वे. गिरणगावात वाढलेला, महापालिकेच्या शाळेत आधी शिपाई आणि मग शिक्षक झालेला कवी संमेलनाध्यक्ष म्हणून आपल्या गावात आला. त्या वेळी शाळेत असलेली पोरं आज पन्नाशीकडं झुकली आहेत आणि त्यांच्यातले काही जण याच जिल्ह्यात शिक्षक आहेत. या पुस्तकातल्या कवींना पहिली वही त्यांनीच हातात दिलेली आहे. म्हणजे धागा सरळ आहे.

धागा सरळ असला की गुंताही होतो. भालेरावांनी स्वतःच्या रानातून आणलेले शब्द पुढच्यांना तयार मिळाले. बाप, माय, ढेकूळ, तिफण, भेगाळलेली भुई, आटलेली विहीर. पंचवीस वर्षांत या शब्दांची नाणी इतकी फिरली की त्यांच्यावरचा छाप पुसला गेला. ज्याच्या घरी बैल नाही, तिफण अडगळीत पडली आहे आणि पेरणी ट्रॅक्टरनं होते, तोही कवितेत औतच हाकतो. मला संपादकांकडं आलेल्या ढिगातून हे सगळ्यात जास्त खटकलं. परभणी जिल्ह्यातलं आजचं जगणं कितीतरी वेगळं झालं आहे. पूर्णा जंक्शनवर रात्रीच्या गाडीची वाट बघत बसलेली, पुण्याला कंपनीत जाणारी पोरं आहेत. पोलीस भरतीसाठी पहाटे मैदानावर पळणाऱ्या मुली आहेत. अभ्यासिकेत महिन्याच्या खुर्चीचं भाडं भरून पाच-पाच वर्षं स्पर्धा परीक्षा देणारे आहेत. 1972 पासून गावाशेजारी अख्खं कृषी विद्यापीठ उभं आहे. त्याच्या फाटकातून आत-बाहेर करणारा रोजंदारी मजूर कुठल्या कवितेत भेटतो का, ते मी शोधत होतो. या संग्रहात तो भेटतो. अभ्यासिकाही भेटते. संपादकांनी ढेकळांची रास उपसून अशा कविता वर काढल्या, यासाठी त्यांचे आभार मानले पाहिजेत.

आता छापण्याबद्दल. नव्या कवीच्या संग्रहाचं अर्थकारण कुणी उघड बोलत नाही, टिपणांत मात्र ते उघड आलं आहे. साधा हिशोब असा. तीनशे प्रती, ऐंशी पानं, रंगीत मुखपृष्ठ, यासाठी कवी पंचवीस-तीस हजार रुपये मोजतो. प्रकाशकागणिक आकडा खाली-वर होतो. 2024-25 च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 7,521 रुपये होता. म्हणजे पुस्तक काढायचं तर चार क्विंटल कापूस, कोरडवाहू एकराचं जवळजवळ सगळं, आणि तेही हमीभाव हातात पडला तर. एका टिपणात वडिलांनी विचारलेला प्रश्न आहे, “पुस्तक इकून किती येतेत?” उत्तर दिलेलं नाही. प्रकाशनाच्या दिवशी साठ-सत्तर प्रती ‘सप्रेम भेट’ जातात, काही मित्र भिडेखातर घेतात, एखादं ग्रंथालय दोन प्रती घेतं आणि उरलेले गठ्ठे पलंगाखाली जातात. पहिल्या पावसाळ्यात तळातल्या गठ्ठ्याला ओल धरते.

प्रत्यक्ष छपाईच्या कामात कवितेवर काय काय गुदरतं हेही एकदा लिहून ठेवायला हवं. कवी कविता मोबाईलवर टाइप करून देतो. डीटीपीवाला तो युनिकोडमधला मजकूर त्याच्या जुन्या फॉन्टमध्ये ओततो आणि तिथं जोडाक्षरं फुटतात. ‘पऱ्हाटी’तला अर्धा र सुटा होऊन बसतो, ‘कुऱ्हाडी’ची धार जाते. त्याहून वाईट म्हणजे ओळी मोडतात. कवीनं जिथं तोडली तिथं न तुटता ओळ पानाच्या कडेला जाऊन तुटते. मुक्तछंदात ओळ कुठं तोडायची एवढंच तर कवीच्या हातात असतं. मग फॉर्म्याचं गणित. डेमी आकारात 16 पानांचा एक फॉर्मा, पाच फॉर्मे म्हणजे 80 पानं. कविता 72 पानांत संपल्या तर आठ पानं कोरी सोडायला कवीचा जीव होत नाही. आठवी-नववीत लिहिलेल्या कविता जुन्या वहीतून निघतात आणि आत बसतात. अनेक पहिल्या संग्रहांच्या शेवटी अचानक पावसाच्या, आईच्या आणि तिरंग्याच्या कविता येतात, त्याचं कारण हे आहे.

पुढच्या बाजूला प्रस्तावना, मनोगत, अर्पणपत्रिका, मलपृष्ठावर पाठराखण. प्रस्तावना मागायला पोरं संकोचत येतात, सोबत पेढे असतात, आणि ‘प्रकाशनाची तारीख ठरलीय सर’ हे वाक्य शेवटी येतं. म्हणजे काही सुचवायची वेळ निघून गेलेली असते. मग ज्येष्ठ मंडळी ‘आशादायी’, ‘अस्सल’, ‘मातीचा गंध’ असे शब्द जोडून पान भरून देतात. मीही अशी पानं भरून दिली आहेत आणि भिडेची पानं म्हणूनच ती दिली आहेत.

काही रस्ते मात्र खुले आहेत आणि ते नव्यांना माहीत नसतात. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना लेखकाच्या पहिल्या पुस्तकासाठी आहे. हस्तलिखित पाठवायचं, जाणकार ते वाचतात, पसंत पडलं तर छपाईला अनुदान मिळतं. पैशापेक्षा त्यातला वाचणारा माणूस मला महत्त्वाचा वाटतो. पुस्तकाचा आयएसबीएन क्रमांक आपल्या देशात फुकट मिळतो, त्यासाठी वेगळे पैसे मोजायचं कारण नाही. 1954 च्या कायद्यानुसार प्रकाशकानं प्रत्येक पुस्तकाच्या प्रती कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई, दिल्लीच्या नेमून दिलेल्या ग्रंथालयांना पाठवायच्या असतात. सोनपेठच्या कवीचं पुस्तक कोलकात्यात कायमचं राहू शकतं, पाठवलं तर. साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार 2011 पासून आहे. पहिल्याच वर्षी मराठीत तो ऐश्वर्य पाटेकरांच्या कवितासंग्रहाला मिळाला, 2015 मध्ये वीरा राठोड यांच्या ‘सेनं सायी वेस’ला. तांड्यावरची कविता त्या पुस्तकानं दिल्लीपर्यंत नेली. आपल्याच जिल्ह्यातल्या आसाराम लोमटे यांच्या ‘आलोक’ या कथासंग्रहाला 2016 चा अकादमी पुरस्कार मिळाला. ते कवी नव्हेत, पण सेलू तालुक्यातल्या गावातून आलेला माणूस पत्रकारितेची धबडग्याची नोकरी करत कथा किती दिवस मुरवत ठेवतो, हे कवींनी पाहण्यासारखं आहे.

पुरस्कारांचा विषय निघाला म्हणून सांगतो. राज्य शासनाचा कवितेचा पुरस्कार केशवसुतांच्या नावानं आहे आणि पहिल्या कवितासंग्रहाचा बहिणाबाई चौधरींच्या. केशवसुतांचा संग्रह त्यांच्या हयातीत निघाला नाही. बहिणाबाई 1951 च्या डिसेंबरात गेल्या आणि त्यांच्या कविता 1952 मध्ये पुस्तकरूपानं आल्या. पहिलं पुस्तक काढायची घाई झालेल्यांनी याचा जो अर्थ काढायचा तो काढावा.

या संग्रहात कवयित्रींची टिपणं वेगळी उठून दिसतात, कारण त्यांचा झगडा कवितेच्या आधीचा आहे. रात्रीचं कविसंमेलन म्हणजे परतीच्या शेवटच्या एसटीनंतरचं कविसंमेलन. ज्यांच्या घरचं कुणी सोबत येतं त्या जातात, बाकीच्यांना 8 मार्चचं दुपारचं सत्र. एकीनं लिहिलंय की तिचा पहिला श्रोता तिची नणंद. दोघी शेतात कापूस वेचताना. नणंदेनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “हे तर माझंच हाय, तू कशाला तुझं म्हणून सांगायलीस?” समीक्षेचं याहून नेमकं वाक्य मी अलीकडं वाचलेलं नाही. कवयित्रीनं त्यानंतर कवितेतला ‘मी’ काढून टाकला आणि कविता सुधारली. पान उघडून बघा.

आता या पुस्तकाच्या कामाबद्दल थोडं. आलेली प्रत्येक कविता दोघांनी वाचली, पेन्सिलीनं खुणा केल्या आणि कवीकडं परत पाठवली. ‘नाकारली’ असं म्हटलं नाही, ‘एवढं बघून पुन्हा पाठवा’ म्हटलं. त्यावर जे झालं ते मजेशीर होतं. काहींनी दुसऱ्याच दिवशी एक शब्द बदलून पाठवली. काहींनी ‘तुम्हाला कविता कळत नाही’ असं कळवलं, ते त्यांचं मत म्हणून नोंदलं आहे. एकानं तीन महिन्यांनी पूर्ण नवी कविता पाठवली आणि सोबत लिहिलं की जुनी फाडली. त्याची नवी कविता संग्रहात पहिली आहे. काहींच्या कविता परत आल्याच नाहीत. त्यांतल्या दोघांनी मधल्या काळात त्याच कवितांचे स्वतःचे संग्रह काढले. एकाच्या प्रकाशनाला मी गेलो होतो. हॉल भरलेला होता, पुस्तकंही बऱ्यापैकी खपली. आम्ही खुणा करून पाठवलेल्या तिन्ही कविता त्यानं जशाच्या तशा म्हटल्या आणि त्यांतल्या एकीला वन्स मोअर मिळाला.